डबीचे कान

ओळंबा अजून हलत होता. ती गाडीखाली कुशीवर पडून, हातात खडू धरून, त्याचं टोक थांबायची वाट पाहत होती. फरशीपासून बोटाच्या पेराएवढं वर असलेलं ते पितळी टोक आधी गोल फिरलं, मग लांबट फिरलं, मग नुसतं थरथरत राहिलं.

"थांबला?" बाहेरून गॅरेजवाल्या काकांनी विचारलं.

"थांबतोय."

"थांबू दे. घाईने मारलेली खूण आणि घाईने ठरवलेलं लग्न, दोन्ही मग जन्मभर मोजत बसावी लागतात."

टोक स्थिर झालं तशी तिने बरोबर त्याच्याखाली खडूची फुली मारली आणि सरपटत बाहेर आली. पाठीवरची धूळ झटकायचं तिने दुसऱ्या दिवसापासूनच सोडून दिलं होतं.

डबी चार स्टँडवर उभी होती. बाबांची ही छोटी गाडी घरात आली तेव्हा ती तीन वर्षांची होती, आणि नावही तिनेच ठेवलं होतं म्हणे. आता चाकं काढून भिंतीशी टेकवली होती आणि गाडी आंघोळीला बसवलेल्या पोरासारखी केविलवाणी दिसत होती. काकांनी पाण्याच्या नळीने चारही कोपरे एका पातळीत आणले होते. त्यातच अर्धा दिवस गेला होता. काकांचे गुडघे कामातून गेलेले. वाकणं, सरपटणं तिच्याकडे होतं, आणि बोलणं त्यांच्याकडे.

बाबांना जाऊन चार महिने झाले होते. गाडीची तपासणीची तारीख त्याच सुमारास उलटून गेली होती. ती स्वतः गाडी घेऊन गेली तेव्हा तपासणी अधिकाऱ्याने टॉर्च घेऊन खाली डोकं घातलं, पान्ह्याने कुठेतरी टकटक केलं आणि बाहेर येऊन कागदावर लिहिलं. समोरच्या डाव्या बाजूला, चाकाचा आर्म जिथे चेसिसला बोल्टने अडकतो, तिथले पत्र्याचे दोन्ही जाड कान मागे वाकलेले आहेत. महिन्याभरात सरळ करून आणा, नाहीतर गाडी बाद. तिने कागदाची घडी घातली ती शेवटचा शब्द आत जाईल अशी.

महिन्यातले नऊ दिवस उरले होते. ती गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कटिंग मास्तर होती, कापड कापण्याचं काम बघायची. साठलेली रजा तिने बाबांच्या आजारात वापरली नव्हती, वापरायची वेळच आली नव्हती. ती आता काढली होती.

"धर," काका म्हणाले आणि टेपचं टोक तिच्या हातात दिलं. फरशीवर चार फुल्या होत्या. डाव्या कानाखालच्या फुलीपासून मागच्या उजव्या फुलीपर्यंत, मग उजवीपासून डावीपर्यंत. दोन कर्ण सारखे आले तर गाडी चौकोनी.

"सात मिलिमीटर," काका म्हणाले. "सात. तुमच्या धंद्यात सात मिलिमीटरने काय होतं, मास्तरीणबाई?"

"गिऱ्हाईक परत येतं."

"आमच्याकडे येत नाही."

ती हसली. गॅरेजमध्ये येऊन ती हसते हे तिच्या दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं होतं, आणि त्याचं तिला वाईटही वाटलं नव्हतं.

खरं तर माप बोल्टच्या भोकातून घ्यायचं. पण बोल्ट गंजून असे बसले होते की आर्म निघेनात. म्हणून काकांनी ते कापायचं काम शेवटावर ठेवलं होतं आणि ओळंबा कानाच्या बाहेरच्या कडेवरून सोडायला लावला होता. कान सरळ झाला की त्यातलं भोक कुठे पळून जाणार आहे, असं त्यांचं म्हणणं.

मग ओढणं सुरू झालं. फरशीत पुरलेल्या लोखंडी कडीला साखळी, साखळीचं दुसरं टोक कानाला, मध्ये बाटली जॅक. काका जॅकचा दांडा दोन बोटं खाली दाबत, थांबत, पुन्हा दोन बोटं. कुठेतरी खोलवर पत्रा कुरकुरे.

"तापवला तर पटकन येईल ना?" तिने विचारलं.

"येईल. आणि मऊ पडेल. मग कायमचा मऊच. थंडच ओढायचा, आणि हवा त्याहून थोडा जास्त ओढायचा. सोडला की जरासा मागे जातोच. लोखंडालासुद्धा माहेरची ओढ असते."

"काका, ही सगळी वाक्यं तुम्ही आधी ठरवून ठेवता का?"

"गुडघे गेल्यावर माणसाचं तोंडच उरतं."

दोन दिवस त्यांनी ओढलं आणि मोजलं, मोजलं आणि ओढलं. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही कर्ण सारखे आले. काकांनी टेप उलटा धरून पुन्हा मोजलं, तरी सारखे. कान आता उजव्या बाजूच्या कानांसारखेच ताठ दिसत होते. काकांनी बोल्ट कापून काढले, आर्मना नवीन रबरं घातली, सगळं परत चढवलं, चाकं लावली आणि गाडी अलगद जमिनीवर टेकवली.

दोघंही डाव्या चाकाकडे पाहत उभी राहिली.

उजव्या चाकाच्या पुढे-मागे, चाक आणि मडगार्डच्या मध्ये, दोन-दोन बोटं जात होती. डाव्या चाकाच्या मागे तीन बोटं गेली. पुढे तिचं जेमतेम एक बोट गेलं.

काकांनी टेप गुंडाळून खिशात टाकला. त्यांच्या बाबतीत हे चिंतेचं लक्षण होतं.

"फरशी म्हणते सरळ," शेवटी ते म्हणाले, "चाक म्हणतं वाकडं. दोघांतलं एक खोटं बोलतंय."

त्यांनी गाडी पुन्हा उचलली. टेप बदलला. स्टँडखालच्या पातळ्या तपासल्या. ती तोवर तारेचा ब्रश घेऊन डाव्या कानाखाली जाऊन पडली. काही करायचं म्हणून ती भोकाभोवतीचा जाड काळा रंग घासत होती. रंग कंपनीचा नव्हता, ब्रशने फासलेला होता. त्यात ब्रशचा एक केसही चिकटून राहिला होता. रंगाखाली एक गोल कड लागली. तिने ब्रश ठेवला आणि अंगठ्याच्या नखाने चाचपलं. जाड वॉशर होता, कानावर वेल्ड केलेला. त्याचं भोक मूळच्या भोकावर बसलेलं नव्हतं. ते पुढे सरकवलं होतं, आणि मूळच्या भोकाची मागे उरलेली चंद्रकोर वेल्डिंगने बुजवली होती. दुसऱ्या कानावरही तसंच.

ती तशीच पडून राहिली. मागे एकदा एका गिऱ्हाइकाचा कोट तिच्याकडे आला होता. एक खांदा उतरलेला दिसत होता. तिने वरून तो सरळ केला आणि कोट दुसऱ्या बाजूला कलला, कारण आत अस्तराखाली कुणीतरी तो आधीच सावरून घेतलेला होता. तेव्हापासून नव्या मुलींना ती पहिला धडा हाच द्यायची. आधी जुनी दुरुस्ती उसवा, मग माप घ्या. इथे लोखंड होतं म्हणून तिला ते सुचलं नव्हतं.

"काका, टेपचं काही चुकत नाहीये. हे आधीच कुणीतरी दुरुस्त केलंय."

काका गुडघ्यांना शिव्या देत खाली आले. टॉर्च धरून त्यांनी दोन्ही कान पाहिले, मग डोकं फरशीला टेकवलं.

"कुणीतरी नाही. हे दादांचं काम आहे." बाबांना ते दादाच म्हणायचे. "हे वेल्डिंग बघ. मुंग्यांनी वारूळ केलंय. शाळेतलं मशीन आणलं असणार."

बाबा शाळेच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होते. तिथली कुठलीही वस्तू रविवारी घरी येऊन सोमवारी पहिल्या तासाच्या आत परत जाऊ शकत असे.

"कान सरळ करता येईना, म्हणून त्यांनी भोकच सात मिलिमीटर पुढे घेतलं. कान वाकडा, चाक जागेवर. म्हणून आजवर कुठला तपासणीवाला खाली वाकला नाही," काका म्हणाले. "आणि आपण दोन शहाण्यांनी कान सरळ केला. भोक गेलं सात मिलिमीटर पुढे. तीन दिवस आपण दादांशी रस्सीखेच खेळत होतो."

"किती विचार करून बसवलंय," ती म्हणाली. वॉशरवरून तिने बोट फिरवलं. खरखरीत होतं. घरात बाबांनी दुरुस्त केलेल्या वस्तू होत्याच, पण त्या सगळ्या वापरून गुळगुळीत झाल्या होत्या. हे कुणीच पाहिलेलं नव्हतं.

काका बाहेर येऊन स्टुलावर बसले आणि हात पुसत राहिले.

"वॉशर कापायचे," ते म्हणाले, "भोकं पूर्ण बुजवायची, आणि उजव्या बाजूवरून माप घेऊन नवी पाडायची. दीड दिवस."

"नाहीतर?"

"नाहीतर काय?"

"कान परत होते तसे केले तर?"

ती थट्टा करते आहे का हे त्यांनी तिच्याकडे नीट बघून ठरवलं. मग नजर काढून घेतली.

"होतील. चाक जागेवर येईल आणि गाडी बाद होईल."

"उद्या सांगते."

"सांग. भोकांना घाई नाही," काका म्हणाले. "तारखेला आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई तिच्याबरोबर आली. रात्री जेवताना लेक नुसतं "काम अडलंय" एवढंच म्हणाली होती, आणि आईला अर्धवट गोष्टी चालत नसत. गॅरेजच्या दारात तिने चप्पल काढायला घेतली.

"अहो वहिनी, हे काय देऊळ आहे का? या तशाच," काका म्हणाले आणि त्यांनी तिला स्टूल पुसून दिलं. त्या फडक्याने स्टूल आधीपेक्षा काळं झालं.

काकांनी गाडीखाली आरसा धरला, वरून टॉर्च मारला. आईने चष्मा कपाळावर सरकवून आरशात पाहिलं.

"अगबाई. आहेत का अजून ते."

"तुला माहीत होतं?"

"टॉर्च मीच धरला होता. तीन रविवार. हात भरून यायचा माझा, जरा हलला की हे ओरडायचे."

काका हळूच खाली बसले. ती उभीच राहिली.

"कशाने वाकले होते?"

"रस्त्यात मध्ये दगडी दुभाजक बांधायला घेतला होता. रंग नाही, दिवा नाही. संध्याकाळची वेळ. ह्यांनी सरळ त्याच्यावर घातली. तू मागच्या सीटवर उभी होतीस. काही नाही झालं तुला. एक दात हलत होता तुझा, तो पडला."

"तो पेरू खाताना पडला ना?"

"आम्ही तसं सांगितलं तुला."

तिने जिभेने वरच्या दातांच्या मागून एकदा चाचपलं. तिथे आता तिसेक वर्षांचा जुना दात होता.

"पण आई, बघ ना, किती नेमकं बसवलं होतं त्यांनी. आजपर्यंत टिकलं."

"टिकेल नाहीतर काय. चाळीसच्या वर कधी गेले का ते?"

काकांना राहवलं नाही. "दादांच्या गाडीमागे अडकली की आमची सायकलवाली पोरं घंटा वाजवायची."

"मलाही शाळेत चिडवायचे," ती म्हणाली. "पण त्यांचा स्वभावच सावकाश होता."

"कोणाचा? ह्यांचा?" आईने चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला, जणू लेकीकडे नीट बघायला हवं होतं. "लग्नाआधी मोटारसायकल होती. एकदा मला मागे बसवून असे सुटले की माझी एक चप्पल चौकात राहिली. थांबले नाहीत. म्हणाले, दुसरी घेऊ. चाळीस या भोकांपासून. स्वतःच्या कामावर भरवसा नव्हता त्यांचा. तीन रविवार घासून झाल्यावर मला म्हणाले, कुणी कसबी माणूस मिळेपर्यंत चालवू या हळूहळू."

"कसबी माणूस इथे दोन गल्ल्या सोडून बसला होता," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "हवा भरायला यायचे. बॉनेट उघडू देत नसत. मला वाटायचं, माझ्यावर विश्वास नाही."

"तुम्ही म्हणाला असता, गाडी संपली."

काकांनी विचार केला. "म्हणालो असतो बहुतेक. तेव्हा मला हे जमत नव्हतं."

"तेच. कुणाला दाखवायचं नाही, म्हणजे कुणी काही सांगणार नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं तसं."

बाबांच्या कपाटात इस्त्रीच्या शर्टांखाली लेकीला दवाखान्याचं एक पाकीट सापडलं होतं. तारीख मागच्या वर्षीची, पाकीट न फोडलेलं. ते तिने आईला दाखवलं नव्हतं. आता आईच्या चेहऱ्याकडे पाहताना तिला वाटलं, शर्टांच्या घड्या आईच घालायची.

"आणि मी बाजूला कान लावून बसायची," आई सांगत होती. "चाक कुरकुरतंय का, काही सुटलं का. तू मागून विचारायचीस, आई बोलत का नाही? हे म्हणायचे, तिला गाडी लागते."

"तुला गाडी लागत नाही?"

"मला बोटसुद्धा लागत नाही."

काका हसले, मग आईही हसली. हसता हसता तिने आरसा काकांकडे परत दिला.

"आता अडलंय कशावर?"

काका गाडीच्या दिशेने बघत राहिले. उत्तर द्यायचं काम तिच्यावर आलं.

"हे कापावं लागेल," ती म्हणाली. "बाबांनी केलेलं."

"मग?"

"मग काही नाही. वाटलं, राहू द्यावं."

आईने पदराने बोटांना लागलेला काळा डाग पुसला. तो पुसला गेला नाही, पसरला.

"तो रंग का फासला होता माहितीये? लाज वाटायची म्हणून. कुणी वाकून बघितलं तर दिसू नये. दर वर्षी एक हात द्यायचे. आणि तू तेच जपायला निघालीस."

त्या बोलण्यात आवाज कुठेच चढला नव्हता. भाजी निवडताना सांगावं तसं आईने सांगितलं.

थोड्या वेळाने लेकीने खुंटीवरचा काकांचा गॉगल काढून डोळ्यांवर चढवला. तो तिला मोठा होत होता, तिने मागे रबराला गाठ मारली.

"काका, ग्राइंडर कसा धरायचा?"

काकांनी दाखवलं. जोर द्यायचा नाही, पाती स्वतःच्या वजनाने चालू द्यायची. कानात जाऊ द्यायची नाही, फक्त वेल्डिंगची कड घ्यायची. पहिला वॉशर तिने कापला. त्याला वीस मिनिटं लागली, आणि ठिणग्यांनी तिच्या बाहीला बारीक बारीक भोकं पडली. दुसरा काकांनी चार मिनिटांत कापला. दोन्ही वॉशर त्यांनी चिमट्यात धरून तिच्यासमोर केले.

"हवेत?"

तिने मान हलवली. काकांनी ते भंगाराच्या पिंपात टाकले, एकामागून एक. आई तोवर स्टुलावरून उठून शेजारच्या दुकानात चहा सांगायला गेली होती.

पुढचा दीड दिवस काकांचा होता. त्यांनी भोकं भरली, कानशीने सपाट केली, उजव्या बाजूच्या कानांवरून पुठ्ठ्यावर नमुना आखला. तो कापायचं काम मात्र त्यांनी तिला दिलं. तिने तो उलटा करून डाव्या कानांवर ठेवला, मध्ये पंचने टिंब मारलं, आणि काकांनी भोकं पाडली. या वेळी ओळंबा भोकाच्या मधोमध सोडला. तो थांबेपर्यंत काका एक शब्द बोलले नाहीत.

कर्ण सारखे आले. चाक लावल्यावर पुढे दोन बोटं गेली, मागे दोन.

तारखेच्या आदल्या दिवशी त्याच अधिकाऱ्याने पुन्हा टॉर्च घेऊन खाली डोकं घातलं. आधीच्यापेक्षा जास्त वेळ घातला. बाहेर येऊन त्याने फक्त शिक्का मारला आणि पुढच्या गाडीला हाताने बोलावलं. काकांना हे फारसं रुचलं नाही. "दोन शब्द बोलला असता तर शाई संपली असती का त्याची," असं ते गॅरेजपर्यंत म्हणत आले. तिथे उतरून त्यांनी डबीच्या टपावर एकदा थाप मारली आणि आईला पुढच्या सीटवर बसवून दार लावून दिलं.

गावाबाहेरचा रस्ता रुंद होता, दुपारचा मोकळा. स्टिअरिंग तिच्या हातात इतकं हलकं होतं की पहिली काही मिनिटं तिला तेच चुकल्यासारखं वाटत होतं. काटा चाळीसवर आला आणि तिचा पाय आपोआप थबकला. मागून एका ट्रकने हॉर्न दिला. तिने पाय दाबला. पंचेचाळीस. पन्नास. दुतर्फा झाडं जरा जवळजवळ येऊ लागली. साठला काचेची एक पट्टी नुसती बारीक वाजत होती, बाकी काही नाही. तिने दोन्ही हात क्षणभर स्टिअरिंगवरून सैल सोडले. डबी सरळ गेली.

"आई, बघ—"

आईची मान खिडकीकडे कलली होती. तोंड किंचित उघडं होतं, आणि मांडीवर दोन्ही तळवे उताणे, मोकळे पडले होते. एका बोटावर काळा डाग अजून होता. गाडीच्या आवाजात तिचा श्वास ऐकू येत नव्हता, पण पदर संथ वरखाली होत होता.

पुढे घराकडे वळायचा फाटा दिसला. तिने इंडिकेटर लावला नाही.